ॲक्शनपटाच्या सीक्वेलची पटकथा पुन्हा कशी लिहावी

सीक्वेलचा पहिला ड्राफ्ट बहुतेक वेळा एकाच कारणाने फसतो. इमारतीच्या जागी शहर येतं, दहा गुंडांचे पन्नास होतात, पण नायकापुढे नवा प्रश्न उभा राहत नाही. त्यामुळे पुनर्लेखनाची सुरुवात संवादांपासून करू नका. आधी खालचा हिशेब मांडा.

१. पहिला भाग कागदावर उतरवा

पहिला भाग पुन्हा पाहा आणि शेवटच्या दृश्यापाशी थांबून चार गोष्टी लिहा: नायकाने काय मिळवलं, काय गमावलं, तो काय शिकला आणि कुणाला काय कळलं. चौथी गोष्ट हमखास निसटते. पहिल्या भागात त्याने टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर ओलिसांना सोडवलं असेल, तर दुसऱ्या भागात ठाण्यातला अधिकारी त्याला “तू कोण?” असं विचारू शकत नाही.

२. विजयातूनच अडचण काढा

१९८४च्या ‘द टर्मिनेटर’मध्ये सारा कॉनरला भविष्य कळतं आणि ती जगते. १९९१च्या दुसऱ्या भागात तेच ज्ञान तिला मनोरुग्णालयात डांबतं, कारण त्यावर कुणाचाच विश्वास नाही. मुलगा परक्या घरी वाढतोय. शिवाय जे यंत्र आधी तिच्या जिवावर उठलं होतं, तशाच यंत्रावर आता तिला विसंबावं लागतं. कथा पहिल्या भागातूनच उगवली आहे, तरी प्रश्न पूर्ण नवा आहे. तुमच्या ड्राफ्टसाठी एकच वाक्य लिहा: “पहिल्या भागात नायकाने अमुक मिळवलं, म्हणून आता तमुक संकट आलं.” यातलं ‘म्हणून’ ओढूनताणून आणावं लागत असेल, तर दुरुस्ती दृश्यांमध्ये करून भागणार नाही, मूळ कल्पनेतच करावी लागेल.

३. काय बदलायचं नाही, ते आधी ठरवून घ्या

‘लीथल वेपन २’च्या सुरुवातीच्या ड्राफ्टमध्ये शेन ब्लॅक यांनी नायक रिग्जला शेवटी मारलं होतं. ते नाकारलं गेलं आणि १९८९मध्ये पडद्यावर आलेली पटकथा जेफ्री बोम यांची होती. मृत्यूच्या दिशेने बांधत आणलेल्या कथेत नुसता शेवट बदलून चालत नाही, त्याआधीचे धागेही उसवावे लागतात. म्हणून लिहायला बसण्यापूर्वी निर्माता आणि दिग्दर्शकाकडून एका पानावर मान्यता घ्या: कोण जगणार, कोणत्या नटाच्या किती तारखा आहेत, कोणती मोठी ॲक्शन आधीच ठरली आहे, तिसऱ्या भागासाठी काय उघडं ठेवायचं आहे.

४. वनलाइन काढा

प्रत्येक सीनसाठी एक ओळ, एक कार्ड. ॲक्शनची कार्डं लाल. सगळी भिंतीवर लावली की दोष लांबूनही दिसतात. सलग तीन लाल कार्डं असतील तर प्रेक्षक थकणार; वीसेक पानांत एकही लाल नसेल तर चित्रपट आपला धर्म विसरला.

५. प्रत्येक ॲक्शन सीन तपासा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. प्रत्येक लाल कार्डाच्या मागे लिहा: नायकाला इथून नेमकं काय हवंय? आडवं काय येतं? मध्यावर काय उलटतं? शेवटी त्याने काय गमावलं? मग कार्ड भिंतीवरून काढून पुढची कथा वाचा. काहीच अडलं नाही, तर तो सीन कितीही देखणा असला तरी ती सजावट आहे. तो कापा किंवा त्यात एक निर्णय घाला.

समजा, बंदरावर शस्त्रांच्या ट्रकचा पाठलाग आहे आणि नायक ट्रक थांबवतो. आता त्याच ट्रकमध्ये त्याचा खबऱ्या बांधलेला आहे असं करा. ट्रक पाण्यात ढकलला तर शस्त्रं बुडतात, पण माणूसही बुडतो. आता नायक जे करेल त्याचे परिणाम पुढच्या दृश्यांना भोगावे लागतील.

तीव्रता वाढवायला स्फोटांची संख्या वाढवू नका, नायकाची साधनं कमी करा: पिस्तूल, वेळ, उजेड, एक हात. एकच अडचण दोनदा वापरू नका. उंचीवरची मारामारी झाली असेल, तर पुढची अरुंद खोलीत किंवा गर्दीत घ्या. जागेची ओळखही आधी करून द्या. जिना कुठे आहे, दार कुठल्या बाजूला उघडतं हे शांत दृश्यात दिसलेलं असेल, तर मारामारीत समजावत बसावं लागत नाही.

६. पानावर ॲक्शन अशी लिहा

“दोघांत जबरदस्त हाणामारी होते” या ओळीवर निर्मितीवाल्यांना ना बजेट काढता येतं, ना दिवस ठरवता येतात. वर्तमानकाळात, तीन-चार ओळींच्या परिच्छेदांत लिहा आणि नजर वळली की परिच्छेद बदला:

राणे दार लावतो. कडी तुटलेली.
बाहेर पावलं. एक... दोन... तिसरं ऐकू येत नाही.
तो वर बघतो. छताचा पत्रा वाकतोय.

एक पान म्हणजे पडद्यावर एक मिनिट, हा ठोकताळा ॲक्शनमध्ये कोसळतो. अर्ध्या पानाचा पाठलाग चार मिनिटं खाऊ शकतो. म्हणून सीन जितका वेळ चालावा असं वाटतं, तितकी जागा त्याला पानावर द्या. ठोसा न् ठोसा मात्र लिहू नका, ते फाइट मास्टरचं काम आहे. कलाटणी आणि परिणाम तुम्ही लिहायचे.

७. मागची गोष्ट भांडणात सांगा

पहिला भाग न पाहिलेल्या वाचकाला ड्राफ्ट द्या आणि जिथे गोंधळ होईल तिथे खूण करायला सांगा. तेवढीच माहिती द्या, तीही दोघांच्या वादातून. “आठवतं ना, दोन वर्षांपूर्वी...” हे वाक्य सरळ खोडा.

८. दुसऱ्याच कथेचा सीक्वेल करताना

१९९५चा ‘डाय हार्ड’चा तिसरा भाग जोनाथन हेन्सली यांच्या ‘सायमन सेज’ या स्वतंत्र पटकथेवरून घडला. पडद्यावरचा खलनायक पहिल्या भागातल्या खलनायकाचा भाऊ आहे. अशा कामात नाव बदलून भागत नाही. हे संकट याच नायकावर का आलं, याचं उत्तर खलनायकाच्या हेतूत मिळायला हवं.

९. शूटिंग जवळ आल्यावर

आधी रचना, मग ॲक्शन, मग पात्रं, सर्वांत शेवटी संवाद. उलट क्रमाने गेलात तर घासूनपुसून लखलखीत केलेले संवाद कापलेल्या सीनबरोबर वाया जातात. सीन नंबर लॉक झाले की ते बदलू नका. ४२ नंतर नवा सीन आला तर तो ४२ए, आणि काढलेल्या सीनचा नंबर ‘वगळला’ अशी नोंद करून जागेवरच ठेवा, नाहीतर वेशभूषेपासून वाहनांपर्यंत सगळ्यांचे तक्ते चुकतात. बदललेल्या ओळीसमोर उजव्या समासात ताऱ्याची खूण (*) लावा. हॉलिवूडच्या रूढ पद्धतीत पांढऱ्यानंतर निळी, गुलाबी, पिवळी, हिरवी अशा क्रमाने सुधारित पानं निघतात. आपल्याकडे पीडीएफ फिरत असेल, तर प्रत्येक पानाच्या डोक्यावर तारीख आणि ड्राफ्ट क्रमांक छापा, आणि जुनी फाइल कुणाकडे उरली आहे याची सहाय्यक दिग्दर्शकाकडून खात्री करून घ्या.