दगडाची ताकद विचारण्याआधी त्याचे थर बघा

ठाण्यात घोडबंदर रोडला दगड घ्यायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: "मजबूत आहे ना?" थराच्या दगडाबाबत त्याआधी ठरवायला हवं, भार कोणत्या बाजूने येणार?

येऊरचा डोंगर घ्या नाहीतर पारसिकचा, आपल्याकडे सगळा बेसाल्ट. त्यात दिसतात ते लाव्हाच्या प्रवाहांचे थर. जमिनीखालच्या दाबाने खनिजं एका दिशेला वळून जे पापुद्रे बनतात, ते वेगळे. ते बघायला स्लेट, म्हणजे पाटीचा दगड, उत्तम. दुकानातून फुटका तुकडा मागून आणा. शहाबादी किंवा कडप्पा नको. ते चुनखडक, त्यांचे थर गाळ साचून झालेले.

आधी थरांची दिशा शोधा. तुकडा ओला करून कडेवर टॉर्चचा तिरपा उजेड टाका. केसाएवढ्या बारीक समांतर रेघा दिसतील. त्यांतली एक पेन्सिलने ठळक करा.

मग गॉगल लावा. छिन्नी त्या रेघेवर धरून हलके ठोके मारा. वहीची पानं सुटावीत तसा दगड सुटतो. तेवढाच ठोका सपाट बाजूवर दिला, तर बहुधा पांढरा ओरखडा किंवा छोटी कपची, बस्स.

सर्वांत महत्त्वाची पायरी मात्र घरी जमत नाही. त्यासाठी इंजिनिअरिंग कॉलेजची प्रयोगशाळा हवी. तिथे एकाच दगडातून वेगवेगळ्या कोनांत साधारण ५४ मिमी व्यासाचे कोअर, म्हणजे दंडगोल तुकडे, काढून दाबयंत्रात फोडतात. थर भाराला आडवे असोत की उभे, दगड बराच भार पेलतो. थर भाराच्या दिशेशी सुमारे ३० अंशांवर आले की ताकद एकदम घसरते, कारण तिथे दगड चिरडत नाही, अभ्रकाच्या पापुद्र्यांवरून सरकतो. भूभौतिकशास्त्रज्ञ जॉन येगर यांनी १९६० मध्ये हे गणितात मांडलं.

इथे कडकपणा वेगळा मोजा. भार देताना दगड किती आखडतो, त्यावरून तो कळतो. थर भाराच्या दिशेत उभे असले की दगड सर्वांत कडक. आडवे असले की थरांमधल्या बारीक भेगा आधी मिटतात, त्यामुळे तो जास्त दबतो, ताकद चांगली असूनही. म्हणून एका आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधू नका, आणि रिपोर्टमध्ये थरांचा कोन लिहिलेला नसेल तर तो मागून घ्या.

बांधकामात दगड थर आडवे ठेवूनच लावायला सांगा. उभ्या थरांचा दगड भिंतीच्या दर्शनी बाजूला लावला, तर मुंबईसारख्या पावसात पाणी आत शिरतं आणि पापुद्रे सुटतात. पायरीची फरशीही थर आडवे असलेलीच घ्या, आणि कडेला ठोके मारून आवाज ऐका. बद्द आला तर पापुद्रा आधीच सुटलाय, ती बाजूला काढा.