टर्बो बसवायच्या आधी ऑक्सिजन सेन्सरचं काय काय उरकून ठेवायचं

साध्या एनए (टर्बो नसलेल्या) पेट्रोल गाडीला टर्बो लावायचा म्हटलं की सगळे आधी टर्बोची साइज आणि इंटरकूलर घेऊन बसतात, पण माझ्या मते पहिली खरेदी वाइडबँड सेन्सरची, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण नेमकं किती ते सांगणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरची, आणि तो गाडी स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशी असतानाच बसवायचा. त्याने होतं काय की गाडीचे मूळचे आकडे हातात राहतात, आयडल आणि क्रूझला लॅम्डा १ च्या आसपास (लॅम्डा १ म्हणजे हवा-पेट्रोलचं अगदी बरोबर प्रमाण, १ च्या खाली रिच म्हणजे पेट्रोल जास्त, वर लीन म्हणजे पेट्रोल कमी), फुल थ्रॉटलला साधारण ०.८५ ते ०.९, आणि हेच जर आत्ता लीन दिसत असेल तर इंजेक्टर, फिल्टर, पंप आधी बघून घ्या, कारण बूस्ट (टर्बोने इंजिनात कोंबलेली जादा हवा) आल्यावर हीच कुरकुर पिस्टन खाते.

कंपनीने दिलेला सेन्सर आहे की, असं म्हणू नका. तो बहुतेक वेळा नॅरोबँड असतो, ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये खेळतो आणि लॅम्डा १ ला ०.४५ च्या आसपास उडी मारतो, म्हणजे मीठ कमी की जास्त एवढंच सांगणार, किती चमचे ते नाही. बूस्टमध्ये आपल्याला ०.७८ ते ०.८२ हवं असतं, तिथे हा नुसता रिच दाखवून मोकळा. म्हणून बॉशचा एलएसयू ४.९ हा वाइडबँड आणि त्याचा कंट्रोलर घ्या. गेज लॅम्डामध्येच ठेवा, एएफआरमध्ये (एका भाग पेट्रोलला किती भाग हवा, वजनाने) नको, कारण आपल्याकडे पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, त्याचं बरोबर प्रमाण १३.५ च्या आसपास येतं आणि गेज मात्र १४.७ धरून आकडा दाखवत बसतं, मग ट्यूनर एक बोलतो आणि आपण भलतंच समजतो.

जागा ठरवताना टर्बोच्या पुढे डाउनपाइपमध्ये (टर्बोतून धूर बाहेर नेणारा पाइप), आउटलेटपासून दोन-तीन फुटांवर आणि कॅटच्या, म्हणजे धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी. एक्झॉस्ट मेनिफोल्डमध्ये (इंजिनातून टर्बोकडे धूर नेणारा भाग) टर्बोच्या अलीकडे अजिबात नको, तिथल्या प्रेशरने रीडिंग बिघडतं आणि उष्णतेने सेन्सर जातो. पाइपावर घड्याळाच्या दहा ते दोनच्या मध्ये, जागाच नसेल तर आडव्यापासून निदान १० अंश वर, नाहीतर सकाळी पाइपात साचलेलं पाणी तापलेल्या सिरॅमिकवर जातं आणि ते तडकतं. सेन्सर ज्यात फिरतो तो नट १८ बाय १.५ आट्यांचा, वेल्डिंग करताना त्यात जुना खराब सेन्सर फिरवून ठेवायला सांगा म्हणजे आटे वाकडे होत नाहीत, नवा सेन्सर तेव्हा गाडीपासून लांब. आणि एकदा बसवला की त्याला करंट दिल्याशिवाय इंजिन चालवायचं नाही, थंड सेन्सरवर काजळी धरते.

आता कंपनीचा पुढचा सेन्सर. टर्बो मेनिफोल्ड आला की त्याची जागाच जाते, मग तोही डाउनपाइपवर न्यावा लागतो आणि वायर पुरत नाही. जुन्या गाडीत एक वायरवाला असेल तर तो लांब गेल्यावर नीट तापणारच नाही, हीटरवाला घ्या. वायर वाढवायची तर क्रिंप करायची, म्हणजे जोड दाबून बसवायचा, सोल्डर नको, कारण बरेच सेन्सर बाहेरची हवा वायरच्या आतूनच घेतात, सोल्डरने ती वाट बंद होते (इलेक्ट्रिशियन हसेल, हसू द्या). वाइडबँडचा कनेक्टर तर कापायचाच नाही, कॅलिब्रेशनचा रेझिस्टर त्यातच असतो.

अर्थिंगला कंटाळा करू नका. ०-५ व्होल्टवर १० ते २० एएफआर असं सेटिंग असेल तर नुसत्या ०.१ व्होल्टच्या फरकाने ०.२ एएफआर इकडचं तिकडे होतं. कंट्रोलरचं मॅन्युअल सिग्नलच्या अर्थिंगची वायर जिथे सांगतं तिथेच, ईसीयूच्या (इंजिनचा कॉम्प्युटर) पॉइंटला द्या, बॉडीवरच्या कुठल्यातरी स्क्रूला नको.

सगळ्यात जास्त डोकं इथे लावा: एनए गाडीचा ईसीयू फुल थ्रॉटल दिल्यावर ओपन लूपमध्ये जातो, म्हणजे सेन्सरचं न ऐकता ठरलेल्या आकड्यांवर पेट्रोल देतो, पण टर्बो अर्ध्या थ्रॉटललाच बूस्ट करायला लागतो, आणि तेव्हा ईसीयू अजून क्लोज्ड लूपमध्ये, म्हणजे सेन्सरचं ऐकत बसून लॅम्डा १ साठी पेट्रोल कापत असतो. पिगीबॅकने (मूळ ईसीयूला जोडलेला जादा बॉक्स) वाढवलेलं पेट्रोलही तो असंच गिळतो. म्हणून ३ बारचा मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचं प्रेशर मोजणारा) आणि नीट ट्यून होणारा ईसीयू ठेवा, त्यावर साधारण ९० केपीए प्रेशरच्या वर क्लोज्ड लूप बंद. कॅटच्या मागचा सेन्सर मुख्यतः कॅटवर नजर ठेवायला असतो, ट्यूनिंगचा आकडा त्याच्याकडून घ्यायचा नाही.

गॅस्केटला साधं सिलिकॉन फासू नका, सेन्सर-सेफ लिहिलेलं बघा. ऑइल किंवा कूलंट जळत असेल तर नवा सेन्सर लावून पैसे घालवू नका. सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्ट लीक असेल तर बाहेरची हवा आत येऊन लीन दिसतं, मिसफायर झाला तरी लीनच दिसतं, त्यामुळे पेट्रोल वाढवायच्या आधी प्लगचा गॅप ०.७ मिमीच्या आसपास आणा आणि जॉइंट तपासा. कागदपत्रांचंही बघा, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे रस्त्यावरच्या गाडीत असे बदल अडचणीचे आहेत, इन्शुरन्सवाला हेच धरून बसतो.

पहिला पुल, म्हणजे फुल थ्रॉटलची पहिली दौड, ट्रॅकवर किंवा डायनोवर (गाडी जागेवर पळवून ताकद मोजणारं यंत्र), वेस्टगेट (टर्बोचं बूस्ट आवरणारी झडप) स्प्रिंगच्या कमीत कमी बूस्टवर, लॅपटॉप शेजारच्या माणसाकडे. बूस्टमध्ये लॅम्डा ०.८५ च्या वर गेला की पाय काढायचा, थांबून लॅपटॉपवर नोंदलेला आकड्यांचा लॉग बघायचा, आणि बघताना सेन्सरपर्यंत धूर पोचायला थोडा वेळ लागतो हे धरून लीन झालेला आरपीएम एक-दोन ओळी मागे शोधायचा.