सेंट्रल लाइनच्या आधी: आयसीयूत नव्या सिस्टर्ससाठी

सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घालायची नळी) म्हटलं की सगळ्या जणी ट्रॉलीकडे धावतात. ट्रॉली नंतर. आधी नातेवाइकाला गाठा आणि विचारा: रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? मी विचारलं नव्हतं. यावलकडचे आजोबा, प्लेटलेट २ लाखांवर, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) नॉर्मल, म्हणून मी निर्धास्त. मानेत सुई गेली आणि तासाभरात मान सुजून टणक झाली. क्लोपिडोग्रेल चालू होती. ही गोळी प्लेटलेटची संख्या कमी करत नाही, त्यांचं एकमेकींना चिकटणं थांबवते. रिपोर्टमध्ये ती दिसतच नाही. तिचा असर ५ ते ७ दिवस राहतो, म्हणून ‘परवाच बंद केली’ हे ऐकूनही निश्चिंत होऊ नका.

मुलगा ‘नाही’ म्हणाला तरी थांबू नका. घरात गोळ्या बहुतेक वेळा सून देते, तिला विचारा. ‘ब्लड थिनर’ हा शब्द नको. छातीत स्प्रिंग टाकली का, लकवा झाला होता का, असं विचारा. चोपडा-अमळनेरकडचं माणूस असेल तर त्यांच्या बोलीत ‘गोयी चालू शे का?’ म्हटलं की ते मोकळं बोलतं. पिशवीतली प्रत्येक पट्टी स्वतः वाचा. उत्तर ‘हो’ आलं तर डॉक्टर हात धुवायच्या आधी सांगा. जागा त्यावर ठरते. गळपट्टीच्या हाडाखालच्या शिरेवर बाहेरून दाब देता येत नाही.

संमती, किट, सलाइन, लोकल (जागा बधिर करायचं औषध), गाऊन, मोठा ड्रेप (निर्जंतुक चादर). क्लोरहेक्सिडिन (कातडीवरचं जंतुनाशक) लावलं की किमान ३० सेकंद आपोआप सुकू द्या, पुसू नका. मे महिन्यात पेशंट घामाने निथळत येतो, तेव्हा आधी कातडी कोरडी करा. सगळे ल्युमेन (नळीतले वेगवेगळे मार्ग) सलाइनने भरून बंद करा, डिस्टल (टोकाशी निघणारा) मात्र उघडा ठेवा, वायर (नळीला वाट दाखवणारी तार) त्यातूनच बाहेर येते. शिरेत हवा ओढली जाऊ नये म्हणून डोकं खाली; दम लागत असेल तर डॉक्टरांना विचारून. आणि गोळीचं विचारलंत ना?

वायर आत जाताना नजर मॉनिटरवर. एक्टॉपिक (हृदयाचे अवेळी ठोके) दिसले की मोठ्याने सांगा. वायर बाहेर आलेली डोळ्यांनी बघा, मगच नोंद करा.

नंतर एक्स-रे. जागा पक्की झाल्याशिवाय नॉरअ‍ॅड (बीपी वाढवायचं औषध) जोडू नका. ड्रेसिंगवर तारीख, पारदर्शक असेल तर ७ दिवस. मान परत परत बघा. हँडओव्हरमध्ये गोळीचं नाव आणि शेवटचा डोस.