नव्या गाडीची तक्रार केसपेपरसारखी कशी लिहावी

खानदेशात गाडी घेणाऱ्याची पहिली अडचण अंतराची असते. गाडी अक्कलकुव्यात किंवा रावेरात उभी असते, अधिकृत वर्कशॉप धुळ्यात किंवा जळगावात असते आणि ती बनवणाऱ्या कंपनीचे मुख्य कार्यालय गुरुग्राम किंवा चेन्नईसारख्या दूरच्या शहरात असते. नवी गाडी वारंवार बिघडू लागली की डीलर म्हणतो, ‘हे कंपनीच्या हातात आहे’. कंपनीच्या टोल-फ्री क्रमांकावरचा माणूस म्हणतो, ‘आपण डीलरशी संपर्क साधा’. आणि या दोघांच्या मध्ये ग्राहकाचा आवाज चढत जातो. चढलेल्या आवाजाची नोंद मात्र कुठल्याही फाइलीत होत नाही. पुढे प्रकरण ग्राहक आयोगापर्यंत गेलेच, तर तिथे कागद पाहिला जातो, आणि बहुतेक ग्राहकांकडे नेमका तोच नसतो.

हा कागद कसा तयार करावा, हे मला धुळ्याला वैद्यकीय शिक्षण घेताना मेडिसिनच्या वॉर्डात शिकायला मिळाले. आमचे सर राउंडच्या बऱ्याच आधी वॉर्डात येत, रुग्णाच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसत आणि विद्यार्थ्याने लिहिलेला केसपेपर त्याला रुग्णासमोरच वाचायला लावत. साक्रीकडचा एखादा रुग्ण ‘चढवर दम लागस, जीव घाबरस’ असे सांगत असताना विद्यार्थ्याने थेट ‘हृदयविकार’ लिहून टाकले असेल, तर सर तो शब्द खोडत आणि रुग्ण बोलला तेच वाक्य लिहून घ्यायला सांगत. त्रास कधीपासून आहे, कशाने वाढतो, कशाने कमी होतो, आधी कुठे कोणते उपचार झाले आणि कोणता त्रास मुळीच होत नाही, एवढे विचारून झाल्याशिवाय ते आम्हाला निदानाचा उच्चारही करू देत नसत. खाजगी प्रॅक्टिसमध्ये सहज पैसे मिळवून देणारा संध्याकाळचा वेळ त्यांनी आमचे कागद लाल शाईने तपासण्यात घालवला. आज खानदेशातल्या अनेक तालुक्यांच्या गावी त्यांचे विद्यार्थी दवाखाने चालवतात, आणि त्यांच्या केसपेपरवर सरांची शिस्त लगेच ओळखू येते. पुढे माझ्या स्वतःच्या नव्या गाडीने घाटात त्रास द्यायला सुरुवात केली आणि कंपनीकडून एकाच साच्यातली उत्तरे येऊ लागली, तेव्हा मी तक्रार त्याच शिस्तीने मांडली. पुढील मार्गदर्शन त्या अनुभवावर आणि कायद्यातील तरतुदींवर आधारलेले आहे.

लक्षण लिहावे, निदान लिहू नये

‘गिअरबॉक्स खराब आहे’ किंवा ‘इंजिनमध्ये फॉल्ट आहे’ असे आपण लिहून दिले की वर्कशॉप तेवढाच भाग तपासते आणि ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून गाडी परत करते. त्या शेऱ्याने आपलेच नुकसान होते, कारण पुढे प्रत्येक ठिकाणी तो आपल्याविरुद्ध दाखवला जातो. म्हणून गाडी काय करते तेवढेच लिहावे : चढावर पिकअप सोडते, थंड असताना झटके मारते, ब्रेक लावताना डावीकडे ओढते, मे महिन्यात दुपारी अर्ध्या तासाने एसीतून गरम हवा येते. कारण शोधणे हे ज्याने गाडी बनवली त्याचे काम आहे.

लक्षणाच्या पाठोपाठ त्याचा इतिहास यावा. त्रास प्रथम कोणत्या तारखेला आणि किती किलोमीटरला जाणवला, तेव्हापासून तो वाढला की तसाच आहे, गाडीत किती माणसे होती, एसी सुरू होता का, रस्ता कसा होता, या गोष्टी लिहाव्यात. आपल्याकडे उन्हाळ्यात जळगाव-भुसावळ भागात तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते आणि चाळीसगावहून कन्नडकडे किंवा शहाद्याहून तोरणमाळला जायचे तर घाट चढावा लागतो. त्यामुळे सपाट, गार हवेतल्या चाचणीत न दिसणारा दोष इथे दिसू शकतो, आणि ही परिस्थिती नोंदवली नाही तर कंपनीच्या तज्ज्ञाला ती कळण्याचा मार्गच उरत नाही.

सरांचा सर्वांत जास्त भर, जे होत नाही ते लिहिण्यावर असे. गाडीच्या तक्रारीत हा भाग जवळजवळ प्रत्येक जण गाळतो, आणि कंपनी नेमकी तिथूनच निसटते. गाडीला अपघात झालेला नाही, ती पुराच्या पाण्यातून नेलेली नाही, बाहेरून वायरिंग कापून कोणतीही ॲक्सेसरी बसवलेली नाही, सर्व सर्व्हिसिंग अधिकृत ठिकाणी ठरल्या मुदतीत झाले आहे, ही वाक्ये खरी असतील तर पहिल्याच पत्रात लिहावीत. इंधनात भेसळ असेल, हे वर्कशॉपचे ठरलेले पहिले उत्तर असल्याने पंपाच्या पावत्याही जपून ठेवाव्यात.

अधूनमधून येणारा दोष हा फिट येणाऱ्या रुग्णासारखा असतो. डॉक्टरसमोर रुग्ण ठणठणीत दिसतो आणि निदान साक्षीदाराच्या वर्णनावर अवलंबून राहते. अशा वेळी शेजारी बसलेल्या व्यक्तीने चित्रफीत घ्यावी (चालकाने मुळीच नाही), आणि तिच्यात किलोमीटरचा आकडा, पेटलेला इशारादिवा व इंजिनाचा आवाज एकत्र यावेत. मूळ फाइल मोबाइलमधून काढून टाकू नये. इशारादिवा पेटून गेला असेल तर वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावून मिळालेले फॉल्ट कोड पुसण्यापूर्वी त्यांची प्रत किंवा निदान पडद्याचे छायाचित्र मागावे.

जॉब कार्ड

या सगळ्या प्रकरणात एकच कागद सांभाळायचा झाला, तर तो जॉब कार्ड. वर्कशॉपने स्वतः तयार केलेली, तारीख आणि किलोमीटर असलेली ही नोंद आहे, आणि तोच दोष पुन:पुन्हा दाखवायला आणला गेला हे तिच्याइतके दुसरे काहीही सिद्ध करत नाही. अडचण अशी की सर्व्हिस ॲडव्हायझर आपले बोलणे ऐकून घेतो आणि कार्डावर ‘जनरल चेकअप’ असे लिहितो. यात दर वेळी लबाडीच असते असे नाही. सकाळच्या गर्दीत त्याच्यासमोर गाड्यांची रांग असते आणि थोडक्यात लिहिण्याची सवय त्याच्या अंगवळणी पडलेली असते. तरीही आपण लिहून आणलेले वाक्य जसेच्या तसे ग्राहकाच्या तक्रारीच्या रकान्यात उतरवून घ्यावे आणि ते वाचल्याशिवाय सही करू नये. त्याने नकार दिला, तर तेच वाक्य गाडी वर्कशॉपमध्ये असतानाच डीलरच्या ई-मेलवर पाठवून द्यावे, म्हणजे त्या दिवसाची नोंद राहते.

गाडी परत घेताना वर्कशॉपच्या माणसाला सोबत बसवून, ज्या परिस्थितीत दोष येतो शक्यतो तशाच परिस्थितीत गाडी चालवून पाहावी. कोणता भाग बदलला, कोणते सॉफ्टवेअर अद्ययावत केले, की काहीच केले नाही, हे बिलावर लिहून मागावे. काम वॉरंटीत झाल्याने बिल शून्य रुपयांचे असले तरी ते घ्यावे. ‘काम समाधानकारक झाले’ असे छापलेल्या जागी सही मागितली जाते, तिथे दोष कायम असल्यास ‘दोष कायम आहे, गाडी निषेधासह ताब्यात घेतली’ असे हाताने लिहून मगच सही करावी. त्यानंतर एक-दोन दिवसांत कंपनीकडून अभिप्रायाचा फोन येतो आणि त्याच्या आधी वर्कशॉपमधून विनंती येते की, ‘दहापैकी दहा द्या, नाहीतर आमचा इन्सेंटिव्ह कापला जातो.’ त्या मुलाबद्दल सहानुभूती वाटणे साहजिक आहे, पण आपण दिलेले दहा गुण कंपनीच्या नोंदीत समाधानी ग्राहक म्हणून बसतात. जे खरे असेल तेच सांगावे.

कंपनीला पत्र

दोन फेऱ्यांनंतरही दोष राहिला, तर तोंडी बोलणे थांबवून कंपनीच्या ग्राहकसेवा विभागाला आणि डीलरला एकत्रच ई-मेल करावा, आणि त्याची सही केलेली प्रत पोचपावतीसह स्पीड पोस्टाने दोघांनाही पाठवावी. दोघांना कळवण्यामागे ठोस कारण आहे. डीलर हा कंपनीचा नोकर नसून स्वतंत्र व्यापारी आहे, असा करार बहुतेक कंपन्या करतात, आणि डीलरच्या चुकीची माहिती कंपनीला होती हे दाखवता आले नाही तर कंपनीला आपोआप जबाबदार धरता येत नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये जुने मॉडेल नवे म्हणून विकल्याच्या एका प्रकरणात घेतली. म्हणून कंपनीला लेखी कळलेले असणे महत्त्वाचे ठरते. फोनवर बोलणे झालेच, तर तक्रार क्रमांक मागून घेऊन त्याच दिवशी त्या संभाषणाचा गोषवारा ई-मेलने पाठवावा.

पत्राचा मजकूर साधारण असा ठेवता येईल :

‘वाहन क्रमांक, सतरा अक्षरी चेसिस क्रमांक, खरेदीची तारीख व आजचे किलोमीटर वर दिले आहेत. मुख्य तक्रार : घाट चढताना दुसऱ्या गिअरमध्ये गाडी अचानक पिकअप सोडते; एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापासून. एसी सुरू असताना व चार प्रवासी असताना त्रास वाढतो. गाडी दहा मिनिटे उभी ठेवल्यास कमी होतो. सपाट रस्त्यावर त्रास नाही. अपघात, पाण्यात बुडणे किंवा बाहेरील वायरिंग नाही. या दोषासाठी गाडी सोबत जोडलेल्या जॉब कार्डांनुसार वर्कशॉपमध्ये दिली होती. दोष कायम आहे. घाटात ओव्हरटेक करताना यामुळे जिवाला धोका आहे. पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत आपल्या तांत्रिक प्रतिनिधीने गाडी आमच्यासमोर तपासावी, लेखी अहवाल द्यावा आणि दोष दूर करावा.’

पत्रात आणखी काही नको. सोशल मीडियावर बदनामी करण्याची धमकी, ओळखीच्या पुढाऱ्याचे नाव, आपण समाजात कोण आहोत याचे वर्णन, या सगळ्याने वाचणाऱ्याला मूळ मुद्दा टाळण्याची सोय होते.

मागणी काय करावी, याचाही विचार हवा. नवी गाडीच बदलून द्या, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु वॉरंटीत कंपनीने सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याचीच हमी दिलेली असेल तर संपूर्ण गाडी बदलण्याचा आदेश देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये क्लचच्या दोषासंबंधीच्या एका निकालात म्हटले आहे. त्यामुळे भाग बदलणे, त्या भागाची वॉरंटी वाढवणे आणि झालेल्या खर्चाची भरपाई ही मुख्य मागणी ठेवावी. गाडी बदलण्याची किंवा पैसे परत करण्याची मागणी, उत्पादनातच दोष आहे हे तज्ज्ञाच्या अहवालाने दाखवता येत असेल तेव्हा पुढे आणावी. आपल्या मॉडेलबाबत कंपनीने रिकॉल, म्हणजे दोष दुरुस्त करण्यासाठी विकलेल्या गाड्या परत बोलावणे, जाहीर केला आहे का, हेही चेसिस क्रमांक टाकून कंपनीच्या संकेतस्थळावर पाहावे. सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनांतील सुरक्षेशी संबंधित दोषांसाठी सक्तीच्या रिकॉलची तरतूद १ एप्रिल २०२१ पासून लागू आहे.

आयोगाकडे जाताना

पंधरा दिवसांत उत्तर आले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. ही हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, पण तिथून गेलेली तक्रार कंपनीत वेगळ्या टेबलावर पोहोचते आणि पुष्कळ प्रकरणे तिथेच मिटतात.

डॉक्टरांना ग्राहक कायद्याची ओळख सहसा दुसऱ्या बाजूने होते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालाने सशुल्क वैद्यकीय सेवा त्या कायद्याखाली आली, आणि व्यवस्थित लिहिलेला केसपेपर आपल्याला कसा वाचवतो हे तेव्हापासून आमच्या पेशाला पक्के ठाऊक झाले. गाडीच्या ग्राहकालाही तोच न्याय लागू पडतो.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला, आणि खानदेशातल्या ग्राहकाच्या दृष्टीने त्यातील सर्वांत उपयोगाची तरतूद म्हणजे तक्रार आता आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते. नवापूरच्या माणसाने गाडी सुरतेत घेतली असली तरी तो नंदुरबारच्या जिल्हा आयोगाकडे जाऊ शकतो. गाडीसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाच्या कक्षेत येते. शुल्क ५ लाखांपर्यंतच्या किमतीला काहीच नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० रुपये आणि ५० लाखांपर्यंत १००० रुपये आहे. वकील सक्तीचा नाही आणि ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून तक्रार दाखल करता येते. केवळ व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वाहनाला या कायद्याचे संरक्षण मिळत नाही; मात्र पोटापाण्यासाठी स्वतः काळी-पिवळी चालवणारा माणूस ग्राहकच ठरतो.

मुदतीबाबत सावध राहावे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत अर्ज करावा लागतो, आणि कंपनीशी पत्रव्यवहार चालू आहे एवढ्यावर ती मुदत आपोआप वाढत नाही. अर्जात कंपनी आणि डीलर या दोघांनाही विरुद्ध पक्ष करावे, दोघांची चूक स्वतंत्र परिच्छेदांत लिहावी, आणि गाडी तज्ज्ञाकडून तपासून घेण्याची विनंती सुरुवातीलाच करावी. तपासणी आवश्यक नसल्यास तीन महिन्यांत आणि असल्यास पाच महिन्यांत निकाल लागावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात याहून बराच अधिक काळ लागू शकतो, म्हणून गाडी वापरत असताना नवी जॉब कार्डे जमवत राहावे.

नोटीस पोहोचल्यावर कंपनीचा माणूस तडजोडीसाठी येण्याची शक्यता असते, आणि ती वाजवी असेल तर स्वीकारण्यात कमीपणा नाही. फक्त ‘सर्व दावे पूर्ण व अंतिम’ अशा मजकुरावर सही करण्यापूर्वी दुरुस्ती झालेली गाडी घाटात चालवून पाहावी आणि त्या भागाची वाढीव वॉरंटी त्याच कागदावर लिहून घ्यावी. तडजोड न होता निकाल आपल्या बाजूने लागला, तर कंपनीला ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते, पण त्यासाठी तिला आदेशातील रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. अपीलही झाले नाही आणि आदेशही पाळला गेला नाही, तर त्याच जिल्हा आयोगाकडे अंमलबजावणीचा अर्ज करावा. आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षे कैद, किंवा २५ हजार ते १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा देण्याचा अधिकार आयोगाला आहे.