‘बाऱ्हे’ का सापडत नाही: मुक्त प्रणालींत मराठीसाठी काम करू इच्छिणाऱ्यांना

लिनक्ससारख्या मुक्त प्रणालीत मराठी सुधारावी असे ज्यांना मनापासून वाटते, ते बहुधा भाषांतरापासून सुरुवात करतात. त्यात गैर काही नाही. पण काम तेवढेच आहे, हा समज लवकर सोडलेला बरा. कळफलकाची मांडणी, फॉन्ट, अक्षरांची जोडणी करणारे हार्फबझ, जीलिबसी या पायाभूत लायब्ररीतील लोकेल, म्हणजे क्रमवारी आणि तारखा ठरवणारे त्या त्या भाषेचे नियम, युनिकोड या अक्षरसंकेतांच्या मानकाचा सीएलडीआर हा भाषाविषयक माहितीसंच आणि भाषांतरे साठवणाऱ्या गेटटेक्स्टच्या पीओ फायली, इतक्या थरांवर पडद्यावरची मराठी उभी असते. दोष कोणत्या थरात आहे हे न ओळखता पाठवलेला अहवाल तसाच पडून राहतो आणि मराठीची कोणाला पर्वाच नाही, असे नवख्याला वाटू लागते. तसे नसते, पण ते वाटणे किती खचवणारे असते हे मला अजून आठवते.

माझी खरी अडचण नाशिक जिल्ह्यातील गावांच्या एका यादीत होती. सुरगाणा तालुक्यातील ‘बाऱ्हे’ शोधले की काही नोंदी सापडत आणि काही समोर दिसत असूनही सापडत नसत. फॉन्ट बदलला, लोकेल बदलले, शोधाचे साधनही बदलले, निकाल तोच. पडद्यावर दोन्ही शब्दांत तसूभरही फरक नव्हता. फरक होता तो अक्षरे ज्यांनी साठवली जातात त्या खालच्या युनिकोड संकेतांत.

हा भाग सावकाश वाचावा, कारण बरेच जण इथेच अडकतात. ‘ऱ्ह’मधला आडवा अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो. पहिल्या प्रकारात ऱ (संकेत ०९३१), मग हलन्त (०९४डी) आणि मग ह येतो. दुसऱ्या प्रकारात साधा र (०९३०), हलन्त, त्यानंतर झेडडब्ल्यूजे हे अदृश्य जोडचिन्ह (२००डी) आणि मग ह येतो. दुसरी पद्धत युनिकोडच्या २.० या आवृत्तीतली असून जुन्या मजकुराच्या सोयीसाठी ती पुढेही वैध ठेवली गेली. इनस्क्रिप्ट या कळफलक मांडणीत जे या कळीवर र आणि शिफ्टसह ऱ असल्याने तेथे पहिला प्रकार सहज उमटतो. इतर काही टंकनपद्धती आणि जुन्या फॉन्टमधून रूपांतरित केलेला मजकूर यांतून दुसरा येतो. एकाच यादीत दोन्ही मिसळले की शोध अर्धाच चालतो.

यावर ‘नॉर्मलायझेशन करून टाका’, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी साठवण एकसारखी करा, असा सल्ला हमखास मिळतो. तो अपुरा आहे. र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) असा मजकूर असेल तर एनएफसी ही नॉर्मलायझेशनची नेहमीची पद्धत त्याचा ऱ करते, पण झेडडब्ल्यूजे असलेल्या रूपाला ती हातही लावत नाही. अदृश्य चिन्हे सरसकट पुसून टाकण्याचा दुसरा सल्ला तर सरळ घातक आहे, कारण ते चिन्ह गेले की उरलेल्या र आणि हलन्ताचा रफार होतो. ‘आचाऱ्यांना’ दिलेला निरोप ‘आचार्यांना’ जातो आणि ‘दऱ्या’ ओलांडणारा माणूस ‘दर्या’ ओलांडतो. म्हणून मराठी मजकुरात आधी र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे या क्रमाच्या जागी ऱ आणि हलन्त ठेवावे, आणि बाकीची साफसफाई त्यानंतरच करावी. नेपाळीत झेडडब्ल्यूजेचे रूप रूढ आहे, त्यामुळे हा नियम संपूर्ण देवनागरीवर लादू नये.

तेव्हा पडद्याचे छायाचित्र पुरावा म्हणून पाठवू नका. शंकास्पद शब्द एका फायलीत ठेवा आणि हेक्सडंपने त्यातील बाइट पाहा किंवा पायथनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलने प्रत्येक संकेताचे नाव काढा. याला फार वेळ लागत नाही आणि पुष्कळदा अर्धे उत्तर तेथेच मिळते. अर्थात सगळेच दोष संकेतांत नसतात. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे कित्येक फॉन्टमध्ये असतात, पण मजकूर मराठी आहे हे प्रोग्रामने कळवले नाही तर हिंदी वळणेच दिसतात. तेथे फॉन्ट करणाऱ्याला दोष देणे अन्यायाचे आहे.

यंत्राकडून शेकडो ओळी भाषांतरित करून ‘फझी’च्या, म्हणजे भाषांतर अजून तपासायचे आहे असे सांगणाऱ्या, खुणा एका फटक्यात काढणे मला अजिबात मान्य नाही. टक्केवारी वाढते, प्रमाणपत्रही मिळते, आणि नंतर येणाऱ्याला प्रत्येक ओळ पुन्हा तपासावी लागते. मार्गदर्शकाबाबतही माझे मत पक्के आहे: जो तयार दुरुस्ती हातात ठेवतो त्याच्यापेक्षा ‘दोष दाखवणारा सर्वांत लहान नमुना द्या’ असे म्हणणारा चांगला, मग त्याचे उत्तर कितीही उशिरा येवो.

त्या उशिरामागे कारण असते. २०१८ मध्ये जीलिबसी २.२८ ने क्रमवारीचे नियम आयएसओ १४६५१ या क्रमवारीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या नव्या आवृत्तीप्रमाणे बदलले, तेव्हा पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमधले जुन्या क्रमाने बांधलेले इंडेक्स (शोधासाठीच्या सूची) निरुपयोगी ठरले आणि ते पुन्हा बांधावे लागले. तुमची एका ओळीची सूचनाही अशीच दूरवर पोहोचू शकते. तिची कसून तपासणी होणे हा तुमच्यावरचा अविश्वास नव्हे. पहिली सूचना परत आली म्हणून काम सोडू नका. प्रश्नांसह परत आलेली सूचना निदान कोणीतरी वाचलेली असते.

सुरुवातीला क्रमवारीची एक छोटी चाचणी करावी. आपल्या तालुक्यातील गावांची नावे आणि ळ, क्ष, ज्ञ यांनी सुरू होणारे काही शब्द किंवा सुटी अक्षरे एका फायलीत घ्या, मराठी लोकेल लावून सॉर्ट करा आणि ही तीन अक्षरे पारंपरिक वर्णक्रमाप्रमाणे ह नंतर येतात का ते पाहा. येत नसतील तर मूळ फायल, वापरलेली आज्ञा, जीलिबसीची आवृत्ती, मिळालेला क्रम, अपेक्षित क्रम आणि एखाद्या छापील मराठी कोशाचा आधार, एवढे अहवालात द्या.