ब्रेक लाइट घरी बदलताना: बल्ब सोपा, होल्डर अवघड

आधी किती दिवे बंद आहेत ते पाहा. एकाच बाजूचा ब्रेक लाइट गेला असेल तर दोष बहुधा बल्बमध्ये किंवा त्याच्या होल्डरमध्ये आहे. डावा, उजवा आणि मागच्या काचेजवळचा तिसरा असे तिन्ही एकदम गेले असतील तर बल्ब आणायला धावू नका, कारण तिन्ही दिवे एकाच दिवशी उडत नाहीत. तिथे फ्यूज तपासा. तो शाबूत निघाला तर ब्रेक पेडलच्या वरच्या अंगाला असलेला स्विच बघा. ऑटोमॅटिक गाडीचा गिअर ‘पी’मधून निघत नसेल, किंवा बटणावर चालू होणारी गाडी ब्रेक दाबूनही चालू होत नसेल, तर संशय थेट त्या स्विचवरच घ्यावा.

मदतीला कोणी नसेल तर संध्याकाळी गाडी भिंतीला पाठ करून लावा आणि ब्रेक दाबून आरशात पाहा. भिंतीवरचा लाल उजेड लगेच सांगतो कुठली बाजू गेली आहे.

टेल लॅम्पमध्ये एलईडी असतील तर बदलायला सुटा बल्ब बहुधा नसतोच, अख्खा लॅम्प बदलावा लागतो. इथे लिहिलेलं बल्बवाल्या गाड्यांसाठी आहे.

बल्ब कोणता?

बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि टेलसाठी (टेल म्हणजे रात्री मागे सतत लागणारा मंद लाल दिवा) एकच बल्ब असतो: १२ व्होल्ट, २१/५ वॅट. आत दोन फिलामेंट असतात. ५ वॅटचं टेलसाठी, २१ वॅटचं ब्रेकसाठी. त्यामुळे टेल लागतो आणि ब्रेक लागत नाही, म्हणून बल्ब चांगला आहे असं समजू नका. दोनांतलं एकच फिलामेंट तुटलेलं असू शकतं. काही गाड्यांत ब्रेकसाठी २१ वॅटचा एकाच फिलामेंटचा वेगळा बल्ब असतो, तर काहींत धातूच्या टोपीऐवजी चपट्या बुडाचा, सरळ आत सरकणारा बल्ब असतो. म्हणून दुकानात जाताना जुना बल्ब खिशात ठेवा. गाडीचं मॉडेल सांगून आणलेला बल्ब परत करायला जाणारे बरेच असतात.

दोन्ही बाजूंचे बल्ब एकदम बदला. दोघांचं काम सारखंच झालेलं असतं आणि एक बल्ब साधारण शंभर रुपयांच्या आत मिळतो.

बाजारात याच मापाचे एलईडी बल्बही मिळतात. ते घेऊ नका. लाल काचेमागे पांढरा एलईडी टाकला की उजेड गुलाबीकडे झुकतो. शिवाय स्वस्त मालात टेल आणि ब्रेकच्या उजेडात फरक इतका कमी असतो की रात्री मागून येणाऱ्याला ब्रेक लागल्याचं कळत नाही. ब्रेक लाइट आहे तो त्यालाच कळावं म्हणून.

लॅम्प काढणं

हॅचबॅकमध्ये मागचा दरवाजा उघडला की लॅम्पच्या आतल्या कडेला साधारणपणे दोन स्क्रू किंवा बोल्ट दिसतात. ते काढा. बाहेरच्या बाजूला लॅम्पच्या प्लास्टिकच्या खुंट्या बॉडीतल्या बुचांमध्ये रुतलेल्या असतात, म्हणून लॅम्प सरळ मागे ओढा. बाजूला पिळला की खुंटी तुटते. सेडानमध्ये डिकीच्या आतलं अस्तर बाजूला केलं की होल्डर हाताशी येतो.

होल्डर घड्याळाच्या उलट दिशेने थोडा फिरवला की लॅम्पमधून सुटतो.

होल्डर: वेळ इथेच द्या

धातूच्या टोपीचा जुना बल्ब आत दाबायचा, दाबूनच डावीकडे फिरवायचा आणि मग ओढायचा. दाब न देता फिरवला तर टोपीवरच्या खुंट्या होल्डरच्या खाचेतून सुटत नाहीत आणि जोर काचेवर येतो. कोकणात, मुंबईत किंवा गाडी पावसात उघड्यावर उभी राहत असेल तिथे बल्बची टोपी होल्डरला गंजून धरलेली असते. अशा वेळी काचेला जोर लावू नका. ती टोपीतून निखळते किंवा फुटते, आणि टोपी आतच राहते. गंज सोडवणारा स्प्रे टोपीच्या कडेला मारून दहा मिनिटं थांबा, हातात जाड फडकं घ्या आणि पुढे-मागे थोडं थोडं हलवत काढा. टोपी आत राहिलीच तर बारीक टोकाच्या पकडीने तिची कड धरून आत दाबा आणि फिरवा. त्याआधी दिवे बंद आहेत ना ते पाहा, नाहीतर पकड टेकताच फ्यूज जाईल.

आता होल्डरच्या आत पाहा. हिरवट-पांढरा थर दिसला तर नवा बल्ब तसाच बसवू नका. नवा बल्ब लावूनही ब्रेक लाइट लागत नाही, ही तक्रार बहुतेक वेळा याच थरामुळे असते. २१ वॅटला १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर लागतात, आणि गंजलेल्या जोडावर तो प्रवाह अडतो. दिवा मंद लागतो, जोड तापतो आणि प्लास्टिक वितळतं. बारीक पॉलिश पेपर पेन्सिलीला गुंडाळून तळातले दोन्ही पॉइंट आणि आतली भिंत चकाकेपर्यंत घासा. भिंतही घासायचीच, कारण बल्बचं अर्थिंग, म्हणजे विजेचा परतीचा रस्ता, टोपीमार्फत तिथूनच होतं. लोक तळ घासतात आणि भिंत विसरतात. तळातले पॉइंट आत दबून राहिले असतील तर बारीक स्क्रू ड्रायव्हरने हलकेच वर उचला. प्लास्टिक वितळून पॉइंट तिरका झाला असेल तर घासत बसू नका, होल्डर नवा घ्या.

अर्थिंग तुटलं की लक्षणं विचित्र दिसतात. ब्रेक दाबल्यावर त्या बाजूचा टेल मंद होतो, इंडिकेटर अंधूक लागतो, किंवा इंडिकेटरच्या तालावर ब्रेक लाइट लुकलुकतो. विजेला परतीचा सरळ रस्ता मिळत नाही, मग ती शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून वाट काढते. अशा गाडीत पाच बल्ब बदलले तरी फरक पडणार नाही. होल्डरमधून निघणारी, बहुधा काळी, वायर बॉडीला जिथे कसली आहे तिथला स्क्रू काढा, खालचा पत्रा घासा आणि घट्ट कसा.

नवा बल्ब बसवताना

दोन फिलामेंटच्या बल्बच्या टोपीवरच्या दोन खुंट्या एका उंचीवर नसतात. एक काचेकडे, दुसरी बुडाकडे. होल्डरच्या खाचाही तशाच लांब-आखूड असतात. बल्ब एकाच दिशेने बसावा यासाठीच ही सोय आहे. तो सहज आत जाऊन फिरत नसेल तर काढा, अर्धा फिरवा, पुन्हा लावा. जोर लावून उलटा बसवला तर फिलामेंटची अदलाबदल होते. टेल प्रखर, ब्रेक मंद.

दोन फिलामेंटच्या होल्डरमध्ये एका फिलामेंटचा बल्ब खुंटी घासून बसवून देणारे कारागीर आहेत. त्यांना गाडीला हात लावू देऊ नका. त्या बल्बच्या बुडाचा एकच रुंद पॉइंट होल्डरचे दोन्ही पॉइंट एकमेकांना जोडतो. मग ब्रेक दाबला की पार्किंगचे दिवे आणि मीटरचा उजेडही लागतो, आणि रात्री दिवे लावले की ब्रेक लाइट सतत पेटलेला राहतो.

काचेला बोट लावू नका, हा सल्ला हेडलाइटच्या हॅलोजन बल्बचा आहे. इथे फडक्याने पुसून लावला की झालं. टोपीला पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात मात्र द्या, पुढचा पावसाळा सुखाने जाईल.

लॅम्प बॉडीवर कसण्याआधी तपासा: आधी नुसता ब्रेक, मग टेल लावून ब्रेक, मग इंडिकेटर चालू ठेवून ब्रेक. तिन्ही वेळा ब्रेक लाइट तितकाच प्रखर हवा.

लॅम्पच्या आत पाणी साचलेलं दिसलं तर मागची रबरी पट्टी बहुधा फाटलेली किंवा सरकलेली असते. ती बदला. लॅम्पभोवती सगळीकडे सिलिकॉन फासून हवेची बारीक भोकं बुजवू नका. आतली वाफ बाहेर पडायची वाट तीच असते.