गाडीत कंपनीचा अँप (आवाज वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर) आहे? मग नवीन स्टिरिओ लावताना निळी-पांढरी वायर विसरू नका

नवीन स्टिरिओ लावला, स्क्रीन चालू झाली, गाणं पण पुढे सरकतंय पण आवाजच नाही, असं झालं की लोक आधी स्टिरिओ खराब म्हणून परत करायला धावतात. थांबा. गाडीत कंपनीचा अँप असेल तर बहुतेक वेळा तो चालूच झालेला नसतो. स्टिरिओच्या मागे निळ्या वायरवर पांढरी रेघ असते ना, तीच अँपला १२ व्होल्ट देऊन उठवते, आणि ती कुठेच जोडलेली नसते. नुसती निळी वेगळी, ती अँटेनाची, बऱ्याच स्टिरिओंमध्ये तिच्यावर फक्त रेडिओ लावल्यावरच करंट येतो, त्यामुळे अँप तिला जोडला तर रेडिओ वाजतो आणि ब्लूटूथ लावलं की सगळं गप्प.

दुसरं म्हणजे स्टिरिओच्या स्पीकर वायरी सरळ अँपच्या इनपुटला देऊ नका, बऱ्याच गाड्यांत त्या अँपला हलका सिग्नल लागतो, जास्त गेला की आवाज फाटतो. तुमच्याच मॉडेलचा, अँपवाल्या गाडीसाठीचा हार्नेस (वायरींचा तयार जोड) घ्या, पैसे इथेच घाला खरंच. अँप बायपास करायचा, म्हणजे स्पीकर सरळ स्टिरिओला जोडायचा विचार असेल तर आधी मल्टीमीटरने स्पीकर मोजा, कंपनीचे स्पीकर कधी कधी २ ओहमचे निघतात आणि साधा स्टिरिओ ४ ओहमसाठी बनवलेला असतो, तो तापून बंद पडतो. मॉडेलमध्ये अँपला डिजिटल सिग्नल जात असेल तर मात्र इंटरफेस मॉड्यूलशिवाय (स्टिरिओचा सिग्नल अँपला कळेल असा करून देणारा डबा) पर्याय नाही.

आणि डॅश बंद करायच्या आधी चारही स्पीकर एकेक करून वाजवून बघा.